पाळीचा आंबा

तुम्ही शेवटचा आंबा खाल्लात, तो कुठल्या झाडाचा होता?

गाव विचारत नाही मी. गाव पेटीवर छापलेलं असतं, खरं-खोटं देव जाणे. झाड विचारते. कुठल्या बांधावरचं, कुणाच्या आज्यानं लावलेलं, काय नावाचं? नाही सांगता येणार. मलाही आलं नसतं. आंबा म्हणजे एकच जात, एकच आकार, एकच रंग, असं आपल्याला बाजारानं शिकवलं आणि आपण निमूटपणे शिकलो.

या वर्षीच्या मे महिन्यात पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या एका वाडीत मी दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा गेले तेव्हा तिथं शेपू नावाचं आंब्याचं झाड होतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा नव्हतं. मधे पुरता आठवडासुद्धा गेला नव्हता. जे पाहिलं ते क्रमानं सांगते. वाडीचं नाव मात्र लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या उन्हाळ्यात तिथं मोटारींची रांग लागेल आणि कुणीतरी आंबा महोत्सवाचा फलक ठोकेल, तोही एखाद्या आंब्याच्याच खोडाला.

सांगली ते पाटण

या प्रवासाचं कारण आण्णा. आण्णा माझ्या वडिलांचे जुने मित्र. तासगावजवळ त्यांची द्राक्षबाग आहे आणि साठी ओलांडली तरी वेलांची कलमं ते स्वतःच्या हातानं बांधतात. त्यांच्या शेजारच्या घरात डोंगरातली एक मुलगी दिलेली आहे. मागच्या उन्हाळ्यात तिचे वडील तिला भेटायला आले ते पिशवीभर आंबे घेऊन. या वडिलांना सगळे तात्या म्हणतात. शेजारधर्म म्हणून दोन आंबे आण्णांकडे आले. लहानसे, हिरवट, सालीवर डाग. बाजारात कुणी हातात धरले नसते. आण्णांनी एक चोखला आणि कोय हातात धरून बसूनच राहिले.

"अगं, आंबा गोड, आणि मागनं शेपूचा वास," ते मला नंतर सांगत होते. "आख्ख्या जन्मात असला आंबा खाल्ला न्हवता बघ."

तात्यांनी त्यांना सांगितलं ते असं की या जातीचं झाड एकच आहे. रायवळ आंब्याचं, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या आंब्याचं, हेच असतं. त्याची कोय पेरली तर येणारं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नाही. तोच आंबा पुन्हा हवा तर त्याच झाडाची काडी आणून दुसऱ्या रोपावर कलम बांधावं लागतं. आण्णांनी मग वर्षभर रायवळची रोपं पिशव्यांत वाढवली. काड्या तेवढ्या आणायच्या राहिल्या. यंदा बागेतली छाटणी उरकली, धावपळ जरा ओसरली आणि त्यांचा फोन आला.

"येतीस का डोंगरात? तू काय, मोकळीच असतीस."

मोकळी म्हणजे मी लिहिते. आमच्या घरात मोर्चा-सभांच्या पत्रकांचे गठ्ठे यायचे, त्यांच्या घड्या घालायच्या, चौकात उभं राहून वाटायची. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली. त्यामुळे कुठंही गेले की यात दोषी कोण, हे मी आधी शोधते. या प्रवासात ते काही नीट सापडलं नाही, आणि त्याचीच रुखरुख जास्त लागून राहिली आहे.

कऱ्हाडमार्गे एसटीनं पाटण गाठलं. तिथून पुढं वडापची, माणशी भाड्याची जीप. आण्णांच्या मांडीवर कुणाचं तरी खताचं पोतं आलं, माझ्या पायाशी कोंबड्यांची डालगी. ड्रायव्हर तरीही समाधानी नव्हता.

"आण्णा, जरा सरका की."

"कुठं सरकू गड्या? बाहेर?"

"बाहेर न्हाई, वर. टपावर हाय जागा."

आण्णा सरकले नाहीत, पण त्यांच्या पिशवीतली पाण्याची बाटली सांडली आणि काड्या गुंडाळायला आणलेलं गोणपाट भिजलं. "बरं झालं," ते म्हणाले, "वल्लंच लागणार हाय."

रस्ता संपतो तिथं जीप थांबते. पुढं चढ. खाली कोयनेचं खोरं उन्हात धुरकट दिसत होतं आणि वरच्या पठारावर पवनचक्क्या फिरत होत्या. वीज शहराला, घरघर वाडीला.

वाडी

सांगलीकडं बाग म्हटलं की रांग आली. लोखंडी अँगल, तारा, ताणलेले वेल, सगळे एका उंचीचे, कवायतीला उभे केल्यासारखे. बांधावर मालकाच्या नावाची पाटी. वाडीतल्या आंब्यांना बाग म्हणायला माझी जीभ अडखळली. बांधावर एक, ओढ्यात दोन, देवळामागं एक, कुणाच्या परड्यात तीन. कुंपण नाही, पाटी नाही. पण प्रत्येक झाडाला नाव. तात्या बोट दाखवत सांगत होते. हा खोबऱ्या. हा केळ्या, लांबुळका असतो. ती गोटी. आणि हा रडव्या.

"रडव्या का?"

"चोखताना हुंगा जरा जवळनं. चीक डोळ्यात गेला की कळंल."

तात्यांच्या अंगणाला लागूनच हिराकाकींचं घर. हिराकाकी म्हणजे तात्यांच्या थोरल्या भावाच्या बायको. भाऊ वारले, मुली लग्न होऊन गेल्या, काकी एकट्या राहतात. आमची जेवणाची सोय त्यांच्याकडे. ऊन उतरायला लागलं होतं आणि आण्णा अस्वस्थ. ते जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाहीत.

"आक्का, काय बी करा, पर उजेड हाय तवर द्या. आन कांदा-लसूण नको."

"बटाटा चालंल?"

"न्हाई."

"रताळं?"

"जमिनीखालचं काय न्हाई."

काकींनी कमरेवर हात ठेवले. "मग तुमच्यात लग्नात जेवत्यात तरी काय?"

"लय जेवत्यात. या की एकदा!"

"वैनी, सोपं हाय," तात्या ओसरीवरून म्हणाले. "सूर्य वर पायजे आन जेवण बी वरचं पायजे. झाडाचं घाला."

काकींनी खरोखर झाडाचंच घातलं. केळ्याचे पिकलेले आंबे अख्खेच्या अख्खे टाकून गूळ-मिरचीची आमटी केली, बरोबर नाचणीची भाकरी. आमटीतला आंबा हातात घ्यायचा, चोखायचा, कोय ताटाच्या कडेला ठेवायची. गोड, तिखट, आंबट, सगळं एका घासात. आमच्या घरी रस वाटीत येतो, चाळून. आण्णा एक डोळा ताटात आणि एक डोळा डोंगरावरच्या उन्हात ठेवून जेवले, आणि सूर्य कड्याआड जायच्या आत हात धुऊन मोकळे झाले.

"शेपू कुठाय?" त्यांनी लगेच विचारलं.

"उद्या दावतो," तात्या म्हणाले. "पर नुसतं दावतो. औंदा पाळी मारुतीची हाय."

शेपूखाली

सकाळी ओढ्याच्या वरच्या अंगाला गेलो. काकींना सरपण आणायचं होतं, म्हणून त्याही आल्या. झाड दिसायच्या आधी वास आला. भाजीवालीच्या पाटीतल्या ओल्या शेपूसारखा, पण मध कालवलेला.

आणि मग झाड. आम्हा दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड, एका अंगानं पोकळ; फांद्या पार ओढ्यावर ओणवलेल्या. हे आंबे हिरवेच पिकतात, त्यामुळे लांबून कच्चे वाटतात. जवळ गेल्यावर कळलं की अख्खं झाड पिकून ओथंबलंय आणि कुणी एक आंबा काढलेला नाही. खाली पाचोळ्यात सडा. अर्धे फुटलेले, माश्या घोंघावत होत्या.

"हे काढलं का नाही?" मी विचारलं.

"काढायचं कुणी? मारुती साताऱ्याला," तात्या म्हणाले आणि मग बुंध्यापासून लांब, एका दगडावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

भाऊ तिघं. थोरले काकींचे मालक, मधले तात्या, धाकटा मारुती. मारुती साताऱ्याला औद्योगिक वसाहतीत कारखान्यात आहे. जमिनीच्या वाटण्या झाल्या, तशा झाडांच्याही झाल्या. पण शेपू एकच. त्याचे तीन तुकडे कसे करणार? म्हणून आज्याच्या काळापासून चालत आलेली पाळी पुढं ठेवली. एक साल थोरल्या घरची, एक मधल्याची, एक धाकट्याची. ज्याची पाळी त्याचं त्या साली सगळं; फळ, पाला, वाळकी फांदीसुद्धा. दुसऱ्या हिस्सेदारानं पडलेला आंबाही उचलायचा नाही.

"पडलेलासुद्धा?"

"पडल्यालाच तर न्हाई! भांडण त्येचंच झालंतं. आमच्या आज्ज्या, दोघी जावा, पडीच्या आंब्यावरनं एकमेकीच्या झिंज्या धरून ह्या वढ्यात पडल्या. तवा गावानं बसून ठरवलं. वाटसरूनं खावं, पाव्हण्यानं खावं, गुरानं खावं. हिस्सेदारानं दुसऱ्याच्या पाळीत हात लावायचा न्हाई. त्यानं दिला तर घ्यायचा."

मी वळून पाहिलं. काकी झाडाच्या सावलीबाहेर उभ्या होत्या. सावली जिथं संपते बरोबर तिथं.

"तुमी घ्या की," त्या तिथूनच मला म्हणाल्या. "तुमी पाव्हणं. त्यो बघा, दगडाच्या बुडाला. त्यो धड हाय."

मी उचलला. चोखला. आण्णा वर्षभर का झुरत होते ते कळलं. दुसरा उचलून मी काकींपुढं धरला, तर त्यांनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

"नगं बाई. मागल्या साली तात्या भावजींची पाळी, त्यांनी दिल्यालं. पुढल्या साली माझीच हाय. मी दीन तुमास्नी, पोतं भरून."

"आणि मारुतींच्या पाळीत?"

"त्ये यात्रंला येत्यात, चैतात. तवा कैरी असती."

म्हणजे दर तिसऱ्या वर्षी या झाडाचा सगळा बहर मातीत जातो, आणि दोन घरं डोळ्यांदेखत तो जाऊ देतात. संतापावं की नमस्कार करावा, मला कळेना.

तेवढ्यात आण्णा पोकळ खोडाच्या पलीकडं गेले आणि तिथूनच ओरडले, "तात्या, ह्यो पट्टा कसला?"

खोडावर लाल रंगाचा जाड पट्टा ओढलेला होता. तात्यांनी नजर ओढ्याकडं वळवली.

"ठेकेदारानं वढलाय. खोक्यांसाठी लाकूड न्हेतो त्यो."

फळांच्या खोक्यांसाठी. आंब्याच्या लाकडाची खोकी, आणि त्या खोक्यांत दुसरीकडची फळं. ठेकेदारानं मारुतींचा नंबर मिळवला होता. मारुतींनी परस्पर काही केलं नव्हतं. दोन्ही घरांना फोन करून विचारलं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? पाळी तुझी, मनाला यील ते कर."

"काकी, तुम्ही?"

"मी बी त्येच म्हणलं."

"पण तुम्हाला हवं होतं का झाड तोडलेलं?"

काकींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. "मला काय हवं त्ये पुढल्या साली इचारायचं."

"पुढल्या साली झाड असणार आहे का?"

काकी सरपणाची दोरी सोडवायला लागल्या. मी मात्र बोलत सुटले. तोडायला परवानगी लागते, ती आहे का? तर ते सगळं ठेकेदार बघतो म्हणाला. गावानं विरोध का केला नाही? तर पाळी मारुतीची. मी पत्रक काढीन म्हणाले.

"काढा की," तात्या म्हणाले. "पर चिकटवायला एक झाड ठेव म्हणावं त्याला."

आण्णांनी माझ्या दंडाला धरून मला मागं केलं आणि काकींसमोर जाऊन उभे राहिले. "आक्का, झाडाचं काय व्हायचं त्ये हुईल. मला चार काड्या द्या. आज पानं काढून ठेवतो, आठवड्यात कोंबाचं डोळं फुगत्यात, मग येऊन काड्या न्हेतो. ह्योच आंबा परत लावून देतो तुमच्या दारात."

काकींचा चेहरा हलला. हवं होतं त्यांना. अगदी दिसत होतं. पण त्या म्हणाल्या, "आण्णा, फळ खावा, पोटभर खावा. फांदीला हात लावायचा म्हंजे भावजींचा शब्द पायजे."

"मग विचारा त्यांना."

"मी कशी इचारू? दुसऱ्याच्या पाळीत तोंड वेंगाडू?"

त्या सरपणाला वर गेल्या. मी आण्णांच्या कानाशी लागले. आपण पाहुणे, काकी लांब आहेत, तात्या काही बोलणार नाहीत, चार काड्यांनी कुणाचं काय जातंय? आण्णांनी चाकू मिटून पिशवीत टाकला.

"चोरून आणल्यालं कलम लावू कुठं गं? बांधावर लावलं तर रोज दिसंल."

पवनचक्कीच्या बुडाशी

फोनची रेंज फक्त वरच्या पठारावर, पवनचक्कीच्या बुडाशी. तात्या मला घेऊन वर गेले. पात्यांची सावली आमच्या अंगावरून सारखी फिरत होती आणि वारा असा, की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. बऱ्याच वेळानं मारुतींनी फोन उचलला. मी सुरुवात केली ती आपल्या दुर्मिळ वाणांच्या वारशापासून.

"बाई, थोडक्यात बोला," पलीकडून आवाज आला. "मशीन चालू हाय."

मी थोडक्यात बोलेपर्यंत तात्यांनी फोन घेतला. "मारत्या, शेपूचं बोलायचं हाय... शेपू, शेपू रं!... आरं काड्या..."

"काय ऐकू यीना तात्या. रविवारी सुट्टी हाय, मी येतो. बसून बोलू. त्यो ठेकेदार बी सोमवारनंतरच येणार हाय." फोन बंद.

आम्ही खुशीत उतरलो. रविवार म्हणजे चारच दिवस. वाटेत करवंदं खाल्ली, तात्यांनी कुणाच्या तरी लग्नातली फजिती सांगितली, मी हसलेसुद्धा. आण्णांच्या बागेत कामाला माणसं यायची होती, त्यामुळे थांबता येत नव्हतं. रविवारी परत यायचं ठरवून आम्ही दुपारची जीप पकडली. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द द्यायला कुणाचीच ना नव्हती. तो वाऱ्यात राहिला.

रविवार

ओढ्याजवळ वास आला, आणि मी पाय उचलला. वास नेहमीपेक्षा दाट होता. त्यात ओल्या लाकडाचा उग्रपणा मिसळला आहे, हे वळणावर पोचल्यावर ध्यानात आलं.

ओढा उघडा पडला होता. एवढा उजेड तिथं कधी नसावा. ओंडके गेले होते. मागं बुंध्याचं थोटूक, लाकडाचा भुसा, तोडलेल्या बारक्या फांद्यांचे ढीग आणि सगळीकडं आंबे. कित्येक पाटी आंबे, चेंगरलेले, धड, फांदीला लटकलेले. एकही उचललेला नाही.

थोटकाजवळ इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस बसला होता. पायाशी साताऱ्याहून आणलेली पिशवी. हे मारुती. तात्या आणि काकी लांब उभे. सावली आता नव्हती, तरी काकी तिच्या जुन्या कडेवरच थांबल्या होत्या.

"सोमवार म्हणला व्हता त्यो," मारुती म्हणत होते. "मला फोन बी न्हाई."

"शुक्रवारी आला," तात्या म्हणाले. "गाडी मोकळी मिळाली म्हणला."

"मग थांबवायचं न्हाई तुमी?"

"पाळी तुझी, शब्द तुझा. आमी कुठल्या तोंडानं थांबवायचं?"

मारुतींनी आजूबाजूला पाहिलं. "आन ह्ये आंबं? असंच का पडल्यात? येचलं का न्हाईसा?"

तात्यांनी काकींकडं पाहिलं. मग मारुतींच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं, ते बघवत नव्हतं.

"म्हंजे... माझ्या पाळीत तुमी खात न्हवता?"

"न्हाई," तात्या म्हणाले.

"कवाच?"

"कवाच न्हाई."

"वैनी," मारुती उठून उभे राहिले. "मला वाटायचं, तुमीच खाताय. दर पाळीला साताऱ्यात बसून म्हणायचो, जाऊ दे, मला न्हाई जमत, घरची तरी खात्यात. तुमी दोघं म्हणला, मनाला यील ते कर. मी म्हणलं, कुणाला नगंय झाड. आवं, मी कवा न्हाई म्हणलो असतो का?"

काकी अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमी व्हय बी कवा म्हणला न्हाईसा, भावजी."

मारुतींनी खाली वाकून एक आंबा निवडला. शर्टाला पुसला. जाऊन काकींच्या हातात दिला. दिलेला चालतो. काकींनी तो घेतला, नाकाशी धरला आणि पदरात ठेवला. खाल्ला नाही.

"पुढल्या साली माझी व्हती," त्या म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

आण्णा इतका वेळ फांद्यांच्या ढिगात वाकून बसले होते. शुक्रवारपासूनचं ऊन, पानं वळली होती, काड्यांची साल सुरकुतली होती. "मारुतराव, ह्यातल्या काड्या घेऊ?"

"घ्या की! आवं समद्या घ्या. इचारताय काय?"

आण्णा पुन्हा ढिगात वाकले. बुडाशी ओल राहिलेल्या काड्या शोधून त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून केळीच्या खोडाचं सोपट बांधलं. मारुती आणि तात्या आंबे वेचून पाटीत भरायला लागले. दोघं भाऊ एका पाटीत. तात्या एकदाच म्हणाले, "आज्ज्या बघत आसतील तर वरनं उडी टाकतील."

परतीच्या जीपमध्ये आण्णा पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. कऱ्हाड जवळ आल्यावर म्हणाले, "आमची द्राक्षं आधी असल्याच खोक्यांतनं जायची. खोकं कुठल्या झाडाचं, कवा इचारलं न्हाई."

तासगावजवळ

कलमं बांधली. आण्णांचा हात, तेव्हा बांधण्यात कसूर नव्हती. सावलीत ठेवली, वर पिशव्या चढवल्या. दर आठवड्याला मी जाऊन बघत होते. एकेक काडी काळी पडत गेली. एका काडीचा डोळा बरेच दिवस हिरवा राहिला. आण्णा तिच्याजवळ मोठ्यानं बोलूसुद्धा देत नव्हते. मग एका सकाळी तीही वाळली. शेपूच्या कोयी पेरल्या होत्या, त्या मात्र तरारून उगवल्या आहेत. पाच-सात वर्षांनी फळ लागेल. शेपूचा वास येईल का? आण्णा म्हणतात, आशा करायला काय जातंय. ते कलमाबद्दल कधी असं बोलले नव्हते.

घरी येऊन मी पत्रक लिहायला बसले आणि वर कुणाचं नाव घालावं ते कळेना. ठेकेदारावर लिहिलं असतं तर सोपं होतं, आणि त्यानं दिलेला दिवस पाळला नाही हे लिहायलाच हवं. पण त्याच्या हाती झाड दिलं ते तीन भल्या घरांनी. एकमेकांचा हक्क इतका जपला, की झाड जपायचं राहून गेलं. भांडण मिटवायला केलेला नियम त्यांनी इतका इमानानं पाळला, की बोलणंच मिटलं. एका घरानं मागितलं नाही, कारण मागणं शोभत नाही. दुसऱ्यानं सांगितलं नाही, कारण सांगायला काय हवं, घरचीच तर आहेत. मला त्या घरांचा राग येत नाही. वाईट वाटतं, आणि ते जात नाही.

पाळीची झाडं त्या वाडीत अजून आहेत. शेजारच्या वाड्यांतही आहेत. आंबे, फणस, जांभळं. त्यांचे हिस्सेदार साताऱ्याला आहेत, सांगलीला आहेत, पुण्याला आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी त्यातला आहे, ही माझी खात्री आहे.

तेव्हा माझी एक विनंती आहे. पत्रकावर सही नको, वर्गणी नको. गावाकडं तुमच्या नावाचं, अर्ध्या नावाचं, तिसऱ्या हिश्श्याचं एखादं झाड असेल, तर आज गावी फोन लावा. भावाला लावा, वहिनीला लावा, चुलत्याला लावा. रेंज नसेल तर परत लावा. आणि स्पष्ट शब्दांत सांगा, की माझ्या पाळीत तुम्ही खा, वेचा, काड्या घ्या, कलमं बांधा आणि मला न विचारता बांधा. त्यांनी मागायची वाट बघू नका. ते मागणार नाहीत.